तिसऱ्या ओळीतला ठोका

मेम्फिस
१५ ऑक्टोबर १९९८

लाडक्या लॉनेट,

बरी आहेस ना? शिकागोत थंडी सुरू झाली असेल, छाती जप. इथे सगळं ठीक. डॅडींचा उजवा हात मार्चपासून लुळा आहे तो तसाच. डाव्या हाताने जेवतात, अर्धी भाजी शर्टावर सांडतात आणि वर मलाच म्हणतात, "व्हर्डेल, मीठ कमी आहे, म्हणून टाकून देतोय."

मंगळवारी जपानहून एक बेस गिटार वाजवणारा आला होता. पन्नाशीचा माणूस, दारातच बूट काढून उभा राहिला. डॅडींनी बेस वाजवलेल्या एकाही तबकडीवर त्यांचं नाव नाही, तरी याने त्यांची साठेक गाणी नुसत्या कानाने ओळखून काढलेली. आपण ज्याला 'डॅडींचं काम' म्हणून सोडून द्यायचो, ते सगळं. मक्याचा पाव कापता कापता मी ऐकतच राहिले.

त्याला एकच विचारायचं होतं. सहासष्टच्या त्या गाण्यात, दर कडव्याच्या तिसऱ्या ओळीत, बेस एक ठोका गप्प होतो. कुठले कुठले लोक तसं वाजवायला शिकतात. आपल्या चर्चमधली मुलंही तो ठोका सोडतात, का ते ठाऊक नसताना. हे सुचलं कसं?

डॅडी नेहमीसारखं म्हणाले, "ड्रमवर रूफस होता, त्याला विचारा." रूफसला जाऊन नऊ वर्षं झाली.

पाहुणा गेल्यावर मी ती तबकडी लावली. तिसरी ओळ आली आणि डॅडींचा डावा हात शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर गेला, हलकेच थोपटून परत आला. पुढच्या कडव्यात पुन्हा तसंच. मी गाणं थांबवून विचारलं.

"शेजारच्या खुर्चीवर लॉनेट होती, तिला खोकल्याची उबळ येत होती," ते म्हणाले. "सगळे एकाच खोलीत वाजवायचो. ती खोकली असती तर रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून. थोपटलं की ती आवरायची, म्हणून हात उचलला. रूफसला वाटलं मी मुद्दाम थांबलो. पुढच्या कडव्यात तोही थांबला, मग मलाही थांबणं आलं. हात मोकळाच होता, दर वेळी तिच्या पाठीवर ठेवला."

लॉनेट, लोक जे शिकतात ते हे आहे.

मम्मा सांगायची, गाण्यापायी तुमच्या बापाने तापातल्या पोरीला बाहेर काढलं आणि तिला न्यूमोनिया झाला. त्यावरूनच ती तुला घेऊन शिकागोला गेली, आणि तू आजवर त्यांच्याशी बोलली नाहीस. पण रेकॉर्डिंगच्या त्या दुपारी घरी तुझ्याजवळ मी बसायचं ठरलं होतं. तेरा वर्षांची होते. स्केटिंगला पळून गेले. डॅडींनी वाट पाहिली आणि शेवटी तुला आपल्या कोटात गुंडाळून नेलं.

मम्मा त्यांना नाही नाही ते बोलत होती तेव्हा मी दाराआड होते. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मम्मा तुला घेऊन निघाली तेव्हाही नाही. बत्तीस वर्षं झाली.

काल म्हटलं, तिला सगळं लिहिते. तर म्हणाले, "छाती कशी आहे तेवढं विचार."

पंचवीस तारखेला चर्चच्या हॉलमध्ये त्यांचा सत्कार आहे. ते गाणं होईल. त्यांच्या शेजारची खुर्ची मी कुणाला देणार नाही. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण ये.

त्या दुपारी घरी नसलेली तुझी बहीण,
व्हर्डेल