साहेबाच्या टेबलावरची पाई

बाबा, तो घास तुम्ही का गिळलात? थुंकून बाहेर का पडला नाहीत? माझ्या शिक्षणासाठी, असं मी स्वतःला सांगत आले. पण ते खरं मानलं तर मला माझ्या पदवीचीच किळस येते. ज्याच्या बंगल्यावर तुम्ही स्वयंपाक केलात, तोच मीठखात्याचा इंग्रज साहेब, आता मोठ्या हुद्द्यावर, मी शिकवते त्या शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला येतो आहे. त्याचं मानपत्र मी वाचायचं ठरलं. "बबर्च्याची मुलगी पदवीधर झालेली पाहून साहेबांना किती बरं वाटेल!" असं हेडमास्तर म्हणाले. मानपत्रात वाक्य आहे : 'नोकरांवर पुत्रवत प्रेम करणारे.'

उरणच्या त्या बंगल्याचं स्वयंपाकघर मला अजून वासानेच आठवतं. चरबी वितळते आहे, तुम्ही तीत मैदा मळता आहात आणि मन लावून सांगता आहात. मैद्याच्या पारीत मांस भरून भाजलं की ती पाई. पण साहेबांच्या मुलखात प्रांताप्रांताला तिचं नाव निराळं. कॉर्नवॉलची पेस्टी आपल्या करंजीसारखी, काठाला जाड मुरड, आतलं मांस सुरीने चिरलेलं, कुटलेलं नाही. मडमेच्या माहेरची डब्यासारखी उभी, डुकराच्या मांसाची. झाकणाच्या भोकातून हाडांचा रस ओतायचा, तो आत थिजतो आणि ती थंडच खातात. शी! आणि वर कुस्करलेला बटाटा थापला, तर आत मेंढीचं मांस असलं की शेफर्ड्स पाई, गाईचं असलं की कॉटेज पाई. साहेबाला कॉटेज लागायची. "त्या मांसाला माजा हात न्हाय लागायचा, पोरी," तुम्ही म्हणाला होतात. म्हणून वर्षानुवर्षं तुम्ही तीत बकऱ्याचं मटण घातलंत, आणि साहेब मिटक्या मारत खात राहिला.

मग तो स्कॉटलंडचा पाहुणा आला. मी अकरा वर्षांची, अंडी घेऊन मागच्या दारात उभी होते. पहिल्याच घासाला तो हसला, मग सगळं टेबल हसलं. तो काय म्हणाला ते तुम्हीच नंतर सांगितलंत : ही कॉटेज कसली, ही तर शेफर्ड्स, तुमच्या बबर्च्याने तुम्हाला इतकी वर्षं फसवलं. दुसऱ्या दिवशी साहेबाने शिपायाकरवी गोमांस आणवलं, तुमच्याकडूनच पाई करवली आणि बशी तुमच्यापुढे ढकलली. "तुम हमको फसाया. अब खाओ!" मी त्याच दारात होते. तुम्ही खाल्लंत. सगळं.

घरी येताना तुम्ही वाटेतल्या विहिरीवर कितीतरी चुळा भरल्यात. "आयेला सांगू नको हां. गावात कलला तं आपल्याला पंगतीला कोन बसवंल? साहेब मनाचा वाईट न्हाय." साहेबाची मला किळस आली होतीच, तुमच्या या शेवटच्या वाक्याची अधिक आली. आणि मी काय केलं? जेवायला बसल्यावर माझं ताट तुमच्या ताटापासून दूर सरकवलं. तुम्ही पाहिलंत आणि भात कालवत राहिलात. पुढे कॉलेजात शिवाशिवीविरुद्ध मी भाषणं केली, टाळ्याही मिळवल्या. त्या ताटाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

काल मी मानपत्र हेडमास्तरांच्या टेबलावर परत ठेवलं. "अहो बाई, पण का?" त्यांनी विचारलं. खरं कारण अगदी ओठांवर होतं, पण शेजारच्या खुर्च्यांवर आपल्याच गावचे दोन पंच बसले होते.

"घसा बसलाय," मी म्हणाले, चांगल्या खणखणीत आवाजात.