टीव्ही आधी, गेट नंतर

१४ जुलै, सोम.
सकाळी आठला सर्व्हर पुन्हा गुदमरला. गेटवरचं हजेरीचं थंब मशीन अंगठेच घेईना, पाळीचे लोक पावसात रांगेत. कारखान्याचं सगळं या एकाच सर्व्हरवर, आणि त्याचं काम वाटणारी टूल्स दोन. कोणाचं काम आधी, हे ठरवणारं प्रॉडक्शनच्या शिंदेंकडे. कोणाला किती प्रोसेसर-मेमरी, हे ठरवणारं आयटीत माझ्याकडे, पण आकडे आमच्या मॅनेजर साहेबांचे. शिंदेंनी गेटला पहिला नंबर दिलाय. साहेबांनी मोठा वाटा दिलाय लॉबीतल्या टीव्हीला, त्यावर रंगीत आलेख फिरतात. म्हणजे गेटला पंगतीत पहिलं बसवायचं आणि ताटात काही वाढायचंच नाही. शिसारी आलीय या दोघांची.

१५ जुलै
दहा मिनिटं उशीर झाला की कंत्राटी माणूस परत, हा नियम. आज पॅकिंगच्या हिराबाई परत गेल्या. सुदुंबरे गावाहून येतात. "आवं ताई, मी कवाची हितं हुबी हाय. मशीन आंगठा घेत न्हाई, त्यात माजी काय चूक?" वॉचमन म्हणे, "सिस्टिमला नाव न्हाई, मावशी." मी छत्री धरून नुसती उभी. किळस आली, स्वतःचीसुद्धा.

१७ जुलै
मीटिंग. म्हटलं, दोन्ही टूल्स एकत्र बसून लावू. गेटला नंबरही पहिला आणि पाळीच्या वेळी हक्काचा वाटाही.
शिंदे : "माझ्या टूलला हात लावायचा नाही."
साहेब : "टीव्ही अडकला तर पाहुण्यांपुढे शोभा होते."
निर्णय : गेटवर पत्रा टाकायचा, लोक भिजायला नकोत! वर सगळ्यांनी समोसे खाल्ले. थू.

१८ जुलै
कंत्राटदाराने हिराबाईंना बजावलं, सोमवारी पुन्हा खाडा दिसला तर काम बंद. साहेबांना सांगितलं, बाई रोज वेळेत येतात. "सिस्टिम दाखवते ते खरं." वाटलं, तोंडावर सांगावं की सिस्टिमचे आकडे तुमचेच आहेत. परत जागेवर येऊन बसले.

२१ जुलै, सोम.
न विचारता टीव्हीचा वाटा काढून गेटला दिला. आठची रांग भराभर आत गेली. हिराबाईंचा अंगठा पहिल्या फटक्यात लागला. "आज बरं चालतंय की वो मशीन!" एवढंच म्हणाल्या. लॉबीत पाहुण्यांसमोर टीव्ही थिजलेला. साहेबांचा फोन : "दुपारच्या पाळीआधी होतं तसं कर. नाहीतर उद्या तुझाही अंगठा लागणार नाही."
अजून केलेलं नाही. दुपारच्या पाळीच्या लोकांची, इंदुरी गावाहून येणारी बस गेटात शिरतेय.