कलम सातमध्ये कोण सापडतं?

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (गुडघा तुमचा दुखतोय, तेव्हा वाकायचं काम माझ्याकडे.) ऑपरेशन नीट झालं आणि मामी तुम्हाला अंथरुणावरून हलू देत नाहीत, हे ऐकून बरं वाटलं. खुशाल आराम करा. सभागृहाचं काय, तुमच्यासारखे सदस्य असले काय नि नसले काय, ते चालतंच.

आता आमच्या कायदे-मसुदा विभागाची हकिकत. परदेशातल्या ज्या सशस्त्र टोळ्यांचे दहशतवाद्यांशी लागेबांधे असल्याचा संशय आहे, त्यांची नाकेबंदी करायची आणि त्यांना मदत करणाऱ्याला तुरुंगात घालायचं, असा कायदा लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. आमच्या साहेबांची एक पद्धत आहे. कलम लिहून झालं की ते कॅन्टीनमध्ये मोठ्याने वाचायचं आणि त्यात जो सापडेल त्याने उभं राहायचं. (कुणीही उभं राहिलं की मसुदा नापास.)

पहिल्या वाचनाला मी ‘परदेशी’ हा शब्दच खाल्ला होता. त्यामुळे सशस्त्र गटाला अन्न पुरवणारा म्हणताच कॅन्टीनवाला झारा घेऊन उभा राहिला, कारण दारावरच्या बंदूकधारी पहारेकऱ्यांना रोज तोच जेवू घालतो. (पहारेकरी आधीपासून उभेच होते.) शब्द घातला, तर टायपिस्टबाई उठल्या. त्यांचा जावई शेजारच्या देशाच्या तलवारबाजी संघात. म्हणजे परदेशी, सशस्त्र, वर तोंडावर जाळी, आणि बाई त्याला दर सुट्टीत घरी ठेवून घेतात. साहेबांनी मसुदा माझ्याकडे परत सरकवला.

मग ‘दहशतवाद्यांशी लागेबांधे असलेला’ हेही घातलं, आणि तिसऱ्या खेपेला मात्र कुणीच हललं नाही. साहेब खूश. आणि मग मामा, मीच उभा राहिलो. कलम सातमध्ये होतं, अशा गटातल्या माणसाला अन्न, निवारा किंवा औषध देणाऱ्याला शिक्षा. लिहिलं मीच होतं, तेही ऐटीत. ऐकताना आपली धाकटी डोळ्यांसमोर आली. ती तिकडे, त्या टोळ्यांच्याच मुलखात, मदत-इस्पितळात डॉक्टर. रक्तबंबाळ माणूस आला की आधी टाके घालते, तू कुठल्या बाजूचा हे विचारत बसत नाही. मी स्वतःच्या हाताने बहिणीला गजाआड टाकत होतो.

साहेबांनी पेन उघडलं (ते सहसा माझं खोडायलाच उघडतात) आणि लिहिलं, “जखमी वा आजारी माणसावर केलेला उपचार ही मदत समजली जाणार नाही.” पुन्हा वाचलं. सगळे बसून राहिले, मीसुद्धा. टोळ्यांची नाकेबंदी तशीच कडक, पण डॉक्टर मोकळे. कॅन्टीनवाल्याने स्वतःहून चहा पाजला, यावरून काय ते ओळखा. मला फार आशा वाटते आहे.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. : ते एक वाक्य बुधवारी सभागृहात मताला येतंय. उद्या कुणीही जखमी म्हणून पळवाट काढेल, असं काही सदस्यांचं म्हणणं आहे, आणि एक मत कमी पडेल असं दिसतंय. आराम करा असं वर लिहिलंय, ते मामींनी पत्र आधी उघडलं तर म्हणून. चाकांची खुर्ची घेऊन मी सकाळी तुमच्या दारात उभा राहतो. सभागृहात नेहमीसारखी डुलकी लागली तरी चालेल, फक्त हात वर करून झोपा.

ता. क. दुसरा : धाकटीला सुट्टी मिळाली आहे. पुढच्या महिन्यात घरी येतेय, तोवर कायदा लागू झालेला असेल. विमानतळावर तिला घ्यायला आपण जायचं आहे, मामा. पोलिसांनी नाही.