रविवारी सुट्टी नसते

४ फेब्रु. २०१८, रवि. रुसैल, ओमान
आजही कॉम्प्रेसरच्या मागे उभं राहून फोन. श्रुती काय बोलली ते निम्मं कळलंच नाही. सायकल, एवढं ऐकू आलं. कोण शिकवतं? "खेडेकर काका." मागून फोरमनचं यल्ला यल्ला, चल आटप. ठेवला.
सायकल मी शिकवणार होतो. बायको, सुनीता, वारली तेव्हाच ठरवलं होतं, पुढच्या सुट्टीत सायकल. मग श्रुतीला सांभाळणारी माझी आई पॅरालिसिसने पडली. भावाने आईला नेलं, पण श्रुतीच्या बाबतीत हात वर केले. शेवटी मुलांचं बघणाऱ्या समितीने पोरगी या खेडेकरांच्या घरी ठेवली, माझं कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत. बापाने बोलायचं ते रविवारी सकाळी, समितीच्या बाई लाईनवर असताना.

९ फेब्रु., शुक्र.
सुट्टी. समितीचं उत्तर आलं. मी रविवारऐवजी शुक्रवार मागितला होता. नामंजूर, रविवार सर्वांच्या सोयीचा. वर शेरा: वडील घाईत असतात, बोलण्यात रस दिसत नाही.
रस म्हणे.
बाईंना फोन केला. "अहो, रविवारी कुठली फॅक्टरी चालू असते?" सांगितलं, ओमानमध्ये सुट्टी शुक्रवारी, रविवारी भर ड्यूटी, मोबाईल हातात दिसला तर मेमो. "बघू," म्हणाल्या. त्यांना थाप वाटली, आवाजावरून कळतं. आता या निर्णयाविरुद्ध कलेक्टर ऑफिसला तक्रार.

१८ फेब्रु., रवि.
फोन हुकला. मशीनचा साचा, डाय, बदलत होतो, हात कोपरापर्यंत ग्रीसमध्ये.
संध्याकाळी खेडेकरांकडून फोटो. समितीला विचारून पाठवलाय म्हणे. दोन वेण्या, सरळ भांग. मी घालायचो त्या वेण्या एक वर एक खाली, शाळेत पोरी हसायच्या, तरी ती माझ्याकडूनच घालून घ्यायची. तिच्या खांद्यावर त्याचा हात. फोटो कापून हात काढायला गेलो तर तिचा खांदाही जातो. तसाच ठेवला.

२ मार्च, शुक्र.
शिमगा. खेडेकरांच्या अंगणात पालखी आली, त्याचा व्हिडिओ. श्रुती त्याच्या खांद्यावर. एवढी मोठी मुलगी, खांद्यावर. पालखी नाचताना हसत होती ती, तोंडभर. माझ्याशी बोलताना असं कधी... जळलो. सरळच लिहितो, जळलो.
खोलीतले इस्माईलभाई, रत्नागिरीकडचे, कंपनीची बस चालवतात. त्यांनीही बघितला. "पोरगी हसतेय ना रे, मग तुज्या पोटात का दुखतंय?" त्यांनी सीबच्या बाजारातून बिर्याणी आणली होती, तिला हात लावला नाही.
कलेक्टरचा अर्ज लिहिला. पहिला मुद्दा शुक्रवारचा. मग दुसरा घातला: हे कुटुंब मुलीला वडिलांपासून तोडत आहे, तिला तिथून हलवावे. इस्माईलभाईंनी वाचला. "दुसरा काढ, दत्ता. वंगाळ आहे."
नाही काढला. पाठवला.

२२ मार्च, गुरु.
समितीचा फोन. अर्ज कलेक्टरकडून त्यांच्याकडे आलाय. शुक्रवार विचाराधीन. दुसरा मुद्दा मात्र लगेच मनावर घेतलाय: चौकशी होईपर्यंत मुलीला बालगृहात हलवायचं का, ते ठरवणार.
बालगृह. हे कुठे मागितलं होतं मी? हलवा म्हटलं होतं. कुठे, ते लिहिलंच नव्हतं.

६ एप्रिल, शुक्र.
खेडेकरांचा फोन, पहिल्यांदाच. भांडणार वाटलं, मीही तयारीत. पण आवाज शांत. "शुक्रवारसाठी मी पण अर्ज दिलाय. कुवेतला होतो मी, माझी पोरं माझ्याशिवाय मोठी झाली. शुक्रवार काय असतो ते मला माहीत आहे." मग थांबून, "तुमच्या दुसऱ्या मुद्द्यावर मी बोलणार नाही. बाप तुम्ही आहात."
शिवी दिली असती तर बरं झालं असतं. आता माझा शुक्रवारसुद्धा यानेच मिळवून द्यायचा.

२० एप्रिल, शुक्र.
शुक्रवार मंजूर. दुसरा मुद्दा ठेवायचा की मागे घ्यायचा, सोमवारपर्यंत कळवा म्हणतात. ठेवला तर बालगृह.
आज पहिला शुक्रवारचा फोन. इथे व्हिडिओ कॉलला सरकारी आडकाठी, सरळ लागत नाही, इस्माईलभाईंच्या मोबाईलमधल्या कुठल्याशा ॲपवरून लावला. हवा तेवढा वेळ, आणि मला सुचेना. जेवलीस? शाळा? तीच म्हणाली, "बाबा, तू नुसता बघ आता."
सायकलवर बसली आणि निघाली. मोबाईल घेऊन कोणीतरी मागे पळतंय. हलणारा लाल रस्ता, तिची पाठ, दोन वेण्या. कोणी धरलेलं नाही. "दिसतंय का, बाबा?" दिसतंय म्हटलं. आणि अगदी माझ्या कानाशी त्या खेडेकरांची धाप. साठी उलटलेली असणार. दम तुटलाय तरी मोबाईल खाली करत नाही. थांबा म्हणायला हवं होतं. मनात म्हटलं, पळ. पळ तू. आणि तिच्याकडे बघत राहिलो.
फोन ठेवताना ती म्हणाली, "तू आलास ना, की काकांना पण आपल्याकडे राहायला बोलवायचं."
बघू, म्हणालो. त्या बाई म्हणाल्या होत्या तसंच.
दुसरा मुद्दा मागे घेतल्याचा मेल टाइप करून ठेवलाय. इस्माईलभाई जेवायला बसताना विचारत होते, गेला का? अजून नाही.