चार बोटं वर

३ तारीख, सोमवार
कॉलेज सोडलं त्याला दोन महिने. पश्चात्ताप शून्य. ब्लॅक बेल्ट होताच, आता मर्मबिंदू शिकवणाऱ्या इन्स्ट्रक्टरांचं ट्रेनिंग. तीन आठवड्यांत सर्टिफिकेट. पहिला तास बुडाला, कारण फाटकावरच्या वॉचमनने मला अरेतुरे केलं आणि प्रकरण वाढलं. बिघडत नाही. प्रस्तावनाच असणार.

५ तारीख
पार्टनर म्हणून एक मुलगी मिळाली. शाळेत ज्युदो शिकवते. पॉइंट: कोपराच्या चार बोटं वर, दंडाच्या मागची शीर. मी नुसतं बोट टेकवलं, ती धाडकन मॅटवर. पडताना हसली. दोन्हीला मीच जबाबदार.

६ तारीख
आज पाच जण पाडले. बोटात काहीतरी आहे. सर म्हणाले, जागा बरोबर. सरांच्या तोंडून हे म्हणजे फारच झालं.

८ तारीख
घरी दादावर प्रॅक्टिस. त्याचं सलून, दिवसभर हात वर धरून दंडाचं लाकूड झालंय. पडलाच नाही. पेपर वाचता वाचता म्हणाला, दाबतोयस की ढेकूण शोधतोयस? उद्यापासून बोट नाही, कोपर.

११ तारीख
कोपर, पाच मिनिटं. दादा म्हणाला, बास रे, मुंग्या आल्या. पण पडला नाही. वहिनी म्हणाली, त्या ज्युदोवालीसाठी माझ्या नवऱ्याचा हात कशाला मोडतोस? हिला कुणी सांगितलं?

१४ तारीख
रोज सकाळी दहा मिनिटं. दादा स्वतःच उजवा हात पुढे करतो. म्हणतो, शीक बाबा, एकदाचा कशाला तरी लाग.

१५ तारीख
दादाच्या हातून कंगवा दोनदा पडला. वय होतंय. चौतीस.

१७ तारीख
गिऱ्हाइकाच्या कानाला कात्री लागली. रक्त थोडंच. गिऱ्हाईक ओरडत होतं आणि दादा आपल्या हाताकडे असा बघत होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

१९ तारीख
लागू पडला! कोपर काढलं तर दादाचा पंजा मनगटातून लोंबतोय, वर म्हणता वर येईना. मी टाळ्या वाजवल्या. दादा म्हणाला, जिंकलास, आता सोडव. सोडवायचं कसं ते बहुधा शेवटच्या तासाला.

२१ तारीख
पंजा तसाच. दुकान बंद. दादा डाव्या हाताने कात्री चालवून बघतो. सरांना विचारणार होतो, पण परीक्षा तोंडावर आहे. परीक्षेत तिच्यावर हाच पॉइंट, कोपराने. मग मनातलं सांगून टाकायचं.

२४ तारीख, सकाळी अकरा
सर म्हणाले, आज जोडीदाराने पडायचं नाही. म्हणजे काय ते कळेना. बोट टेकवलं. ती उभी. जोर लावला. ती म्हणाली, सुरू केलंस की सांग हं. सगळे हसले. डोकं फिरलं, कोपर उचललं. तिने वरच्यावर धरलं, आणि तिचं हसू गेलं. म्हणाली, पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना? बोट टेकलं की पार्टनरने पडायचं, म्हणजे शिकणारा जागा शोधतो, ताकद नाही लावत. कोपराने शीर चिरडते. कुणावर केलं नाहीस ना?
नाही म्हणालो.

२४ तारीख, दुपार
डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांत पंजा वर येईल, नाहीतर नाही. मग विचारलं, कशाने झालं? दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, हातावर डोकं ठेवून झोपलो होतो.

२५ तारीख
दादाच्या शर्टाची बटणं मी लावली. बाहीचं बटण लावताना सहज म्हणालो, पंजा जरा वर कर. तो बराच वेळ प्रयत्न करत राहिला. मग मीच तो वर धरला आणि बटण लावलं.