नथीच्या सोन्याचं जेट

मानोरा, मंगळवार, मार्च १९५४. दिवेलागण.

झाली चालू! सकाळीच भावजी म्हणे, "वयनी, देऊन टाका भंगारात. बाईमाणसाले फटफटी कायले पाह्यजे?" कायले म्हणजे? हे वारले, फटफटी नाही वारली. अन् बिघडवली कोणं? कार्बोरेटरमधल्या, पेट्रोल सोडणाऱ्या पितळी जेटात भावजींनीच साफ करतो म्हणून सुई खुपसली. भोक मोठं झालं, पेट्रोल जास्त जायले लागलं, काळा धूर ओकून गाडी बंद.

एवढंसं ते भोक! जेट घेऊन सरळ सोनाराकडे गेली. तो म्हणे, "बाई, आधी बुजवा लागते, मग बारीक पाडतो. बुजवू कायनं?" पदराची गाठ सोडून माही नथ त्याच्यापुढं ठेवली. हे गेल्यापासून सासूबाई नाकात घालू देत नव्हत्या, पेटीत पडली होती; निघताना काढून आणली. तिच्या सोन्यानं भोक बुजलं, मोत्याले भोक पाडते त्या सुईनं नवं पडलं.

घरी येऊन कार्बोरेटर रॉकेलनं धुतला, जेट बसवलं, किक मारली. धुराचं नाव नाही.

सासूबाईंनी विचारलं, "पेटीतली नथ कुठी हाये?"

"गाडीच्या नाकात," म्हटलं. "आता काढून दाखवा."