मागच्या दाराची किल्ली

मी, खाली सही करणारी, अणुऊर्जा खात्यात परदेशांशी होणारे करार लिहिण्यात हयात घालवलेली निवृत्त बाई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहून ठेवते. अक्षर तिरके येते आहे ते वयाने नव्हे, आनंदाने. शेजारच्या डॉक्टरांनी नाडी पाहून तसे मान्य केले आहे. मित्रदेशाने आज सकाळी आमची अट कबूल केली: त्यांच्या अणुभट्टीची तपासणी आपली माणसे न कळवता, केव्हाही करतील. उद्या सही. आणि तपासणी पथकाची प्रमुख माझी लेक आहे! अशा दिवशी डोळे मिटले तरी चालेल, म्हणून आजच लिहून मोकळी होते.

१. राहते घर लेकीला. मात्र मागची खोली गल्लीतल्या मुलांच्या अभ्यासासाठीच राहील, आणि बँकेतली शिल्लक तिथल्या दिव्या-पुस्तकांसाठी. खोली भाड्याने देऊ नये, तिथे जावईबापूंचे जुने टायर ठेवू नयेत, ती कोणा तिसऱ्याच्या ताब्यात जाऊ नये. ही भाषा माझ्या हाडीमाशी खिळली आहे. याच मित्रदेशाशी झालेल्या पहिल्या करारातही मी हेच लिहिले होते: तंत्रज्ञान फक्त विजेसाठी, तिसऱ्याला देणार नाही. दोस्ताने मान डोलावली. पुढे तिथले सरकार बदलले, आमचे भट्टीचे नकाशे त्यांच्या दुसऱ्या दोस्ताकडे गेले, आणि त्याचे आमच्याशी हाडवैर! विरजण एकदा शेजारी दिले की पुढे कोणाकोणाच्या घरी दही लागते, ते आपल्या हातात राहत नाही.

२. त्या पहिल्या करारावेळच्या हस्तांदोलनाचा चौकटीतला फोटो माझ्या तेव्हाच्या साहेबांना. अचानक तपासणीची अट मी तेव्हाच घातली होती. "बाई, मित्राच्या घराची झडती घेतात का?" म्हणून त्यांनी ती खोडली. पुढे आम्ही भट्टी पाहायला गेलो, तेव्हा पुढच्या दालनात चहापान झाले आणि मागच्या दाराला ओला रंग होता. "कपड्यांना लागेल हं," म्हणत यजमानांनी आम्हाला माघारी फिरवले. साहेबांनी चक्क आभार मानले! फोटो त्यांनी जेवणाच्या टेबलासमोर टांगावा.

३. कलम एक ऐकून लेक फोनवर हसली. "आई, तू गेल्यावर बघायला कोण येणार?" बिनतोड प्रश्न! अट घालायला काय जाते, पहारा कोण करणार? उत्तर मात्र झटक्यात सुचले. माझ्या नणंदबाई! मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातल्या एकूण एक डब्याचे झाकण उघडून पाहिले होते, पिठातसुद्धा हात घातला होता. चाळीस वर्षे तो राग मी जपला. आज सोडते. असे नाक खुपसणारे माणूस त्या भट्टीवर असते, तर! नणंदबाईंना या घरात न कळवता येण्याचा तहहयात हक्क आणि पुढच्या दाराची किल्ली देते.

येथवर लिहून झाले, तोच वन्सं, ज्या अर्थातच माझ्या खांद्यावरून वाचत होत्या, म्हणाल्या, "वहिनी, आणि मागच्या दाराची किल्ली? मी पुढचं कुलूप काढेपर्यंत जावईबापू मागून टायर पळवतील!"

मला भट्टीचे ते मागचे दार आठवले. ओला रंग! तशीच लेकीला फोन लावून किल्ल्यांचे सांगितले आणि विचारले,

"उद्याच्या मसुद्यात कुठलं दार लिहिलंय?"

कागद चाळल्याचा आवाज आला. "आई... 'मुख्य प्रवेशद्वारातून' असं आहे."

"सही उद्या आहे ना? मग बदल!"

साक्षीदार ताटकळले. डॉक्टरांनी माझी नाडी पुन्हा पाहिली. अखेर फोन वाजला.

"जाम चिडले गं तिकडचे! 'आमच्यावर विश्वास नाही का' म्हणाले. मी म्हटलं, आमच्या घरी सख्ख्या आत्यालासुद्धा दोन्ही किल्ल्या देतात. सगळी दारं लिहून घेतली, आई!"

मी रडले. इथे लिहून ठेवायला लाज वाटत नाही.

४. मागच्या दाराची किल्लीही नणंदबाईंना.

सही: लिहून देणारी
साक्षीदार: शेजारचे डॉक्टर, कोपऱ्यावरचे शिंपी
स्थळ: मागची खोली
दिनांक: करारावर सही होण्याच्या आदल्या दिवशी

दोन्ही किल्ल्या लावून पाहिल्या. मागचे कुलूप गंजले आहे, तेल घालावे. – नणंद